उष्ण पदार्थ बंद केले, तरी रक्त थांबत नाही

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पत्रलेखिका दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहतात. त्यांच्या १३ वर्षांच्या मुलीला ग्लान्झमन थ्रोम्बॅस्थेनिया हा रक्तस्रावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. ती चार वर्षांची असताना त्याचे निदान झाले. दर उन्हाळ्यात तिचा घोळणा फुटतो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येते, आणि काही महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाल्यापासून प्रत्येक वेळी रक्तस्राव नऊ-दहा दिवस चालतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून अंडी, मटण, बाजरी, शेंगदाणे, तीळ, गूळ, लसूण, आंबा, पपई आणि सर्व आंबट पदार्थ ‘उष्ण’ किंवा ‘रक्त पातळ करणारे’ म्हणून तिला बंद केले आहेत. सकाळी पपईच्या पानांचा रस दिला जातो. आजीच्या इच्छेखातर ती संकष्टीचा उपवासही करते. अलीकडच्या तपासणीत हिमोग्लोबिन ७.८ आले. पत्रलेखिकेचे लग्न आतेभावाशी झाले आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: आणखी कोणते पदार्थ बंद करावेत, कोणता पदार्थ सुरू केला असता रक्त थांबेल, आणि गरोदरपणी आपण पपई खाल्ली होती म्हणून हे झाले का.

प्रिय ताई,

तुमचा तिसरा प्रश्न तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत विचारला आहे. तोच तुम्हाला सर्वांत जास्त छळत असावा, असे मला वाटते, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. गरोदरपणी तुम्ही खाल्लेल्या पपईचा, किंवा तुम्ही खाल्लेल्या वा न खाल्लेल्या कोणत्याही पदार्थाचा, या आजाराशी काहीही संबंध नाही. हा आजार १९१८ साली एदुआर्द ग्लान्झमन या स्विस बालरोगतज्ज्ञांनी प्रथम वर्णन केला, आणि त्याचे मूळ १७ व्या गुणसूत्रावरील दोन जनुकांपैकी एकात असते हे आज निश्चितपणे माहीत आहे. आई आणि वडील दोघांकडेही त्या जनुकाची एकेक सदोष प्रत असते, दुसरी प्रत चांगली असल्यामुळे त्या दोघांना सहसा कोणताच त्रास होत नाही, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. आतेभावाशी लग्न झाले असता दोघांकडे तीच प्रत असण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. परंतु ही चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तुमचे लग्न तुम्ही एकटीने ठरवले नव्हते, आणि नात्याबाहेर लग्न केलेल्या जोडप्यांनाही हा आजार असलेली मुले होतात. पुढे आणखी अपत्याचा विचार असेल, किंवा घरातील इतर मुलामुलींची लग्ने नात्यात ठरत असतील, तर त्याआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे.

आता आहाराकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट तातडीची आहे. तुमच्या पत्रात ७.८ हा आकडा इतर अनेक तपशिलांच्या गर्दीत आला आहे, पण १३ वर्षांच्या मुलीचे हिमोग्लोबिन ८ च्या खाली जाणे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार तीव्र रक्तक्षय मानला जातो. त्यामुळे या आठवड्यातच तिला रक्तविकारतज्ज्ञांकडे, ते जवळ नसतील तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. पुढे मी जे लिहिले आहे, ते त्या भेटीच्या जोडीने करायचे आहे, त्या भेटीऐवजी नाही.

तुमचे पहिले दोन प्रश्न एका समजुतीवर उभे आहेत. रक्त थांबते की वाहते हे पोटात काय जाते यावर ठरते, अशी ती समजूत. ती तुमची एकटीची नाही. मला येणाऱ्या पत्रांपैकी बरीच याच वळणाची असतात. ती तपासायची तर या आजारात नेमके काय बिघडते ते पाहावे लागेल. रक्तवाहिनीला इजा झाली की प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी तेथे धावतात, जखमेच्या कडेला चिकटतात आणि मग फायब्रिनोजेन या प्रथिनाच्या मदतीने एकमेकींना धरून गुठळी बांधतात. फायब्रिनोजेनला धरण्यासाठी प्रत्येक प्लेटलेटच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट ग्राही असतो. तुमच्या मुलीच्या प्लेटलेटवर तो ग्राही नाही, किंवा फार थोडा आहे, किंवा असूनही निकामी आहे. म्हणजे मदतीला माणसे पुरेशी आली आहेत, वेळेवर आली आहेत, पण साखळी करायला त्यांना एकमेकांचे हात धरता येत नाहीत, असा हा प्रकार आहे. हा ग्राही जन्मतःच आहे किंवा नाही. कोणत्याही भाजीने, फळाने वा काढ्याने तो तयार होत नाही आणि कोणत्याही पदार्थाने तो नाहीसाही होत नाही. जाता जाता सांगते, अँजिओप्लास्टीच्या वेळी हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ नये म्हणून दिली जाणारी टिरोफिबानसारखी औषधे नेमका हाच ग्राही काही तासांपुरता बंद करतात. तुमच्या मुलीसारख्या रुग्णांच्या अभ्यासातूनच त्या ग्राहीचे महत्त्व वैद्यकाला कळले.

हे कळले की पपईच्या पानांच्या रसाचे उत्तर आपोआप मिळते. हा रस आपल्याकडे डेंग्यूच्या साथींमुळे घरोघरी पोहोचला, आणि तो देतात तो प्लेटलेटची संख्या वाढावी म्हणून. तुमच्या मुलीचे जुने अहवाल काढून पाहा: तिची प्लेटलेटची संख्या बहुधा नेहमीच दीड लाखाच्या वर, म्हणजे सामान्य मर्यादेत असेल, कारण या आजारात संख्या सामान्यच असते. ज्या गोष्टीची उणीव नाही ती वाढवण्यासाठी त्या मुलीने रोज सकाळी तो कडू रस प्यायचा आणि मग मळमळीमुळे न्याहारी टाळायची, यात तिचा तोटाच आहे. तो रस आजपासून बंद करा. किवी आणि ड्रॅगन फ्रूट यांवर कोणी खर्च करायला सांगत असेल, तर तेही याच कारणासाठी अनावश्यक आहे. फळ म्हणून आवडत असतील तर खावीत, औषध म्हणून नको.

पालक आणि इतर हिरव्या पालेभाज्यांबद्दल दोन्ही बाजूंनी गोंधळ आहे. त्यांत असलेले क जीवनसत्त्व वेगळे आणि ‘के’ जीवनसत्त्व वेगळे. ‘के’ जीवनसत्त्व यकृतात रक्त गोठवणारे काही घटक तयार होण्यासाठी लागते, म्हणून पालेभाजीने रक्त थांबते असे काही जण सांगतात, तर वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्या हृदयरोग्याला पालेभाजीचे प्रमाण सांभाळायला सांगितलेले ऐकून काही जण ती बंद करायला सांगतात. तुमच्या मुलीचे ते घटक व्यवस्थित आहेत आणि ती वॉरफरिन घेत नाही, त्यामुळे पालेभाजी तिच्या रक्तस्रावाला थांबवणारही नाही आणि वाढवणारही नाही. ती पालेभाजी म्हणून खावी.

आता ‘उष्णते’विषयी. उन्हाळ्यात घोळणा जास्त फुटतो हे तुमच्या सासूबाईंचे निरीक्षण मी खोटे ठरवणार नाही, कारण ते खरे आहे. पण ती उष्णता गुळाच्या खड्यातून किंवा बाजरीच्या भाकरीतून येत नाही. मार्च ते मे या काळात तुमच्याकडची हवा कोरडी असते, त्या हवेने नाकाच्या आतले नाजूक अस्तर सुकते, त्यावर खपली धरते, मूल नकळत बोट घालते किंवा जोराने शिंकरते, आणि नाकाच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचे जे दाट जाळे असते तेथून रक्त सुरू होते. इतर मुलांचे ते पाच-दहा मिनिटांत थांबते. तुमच्या मुलीचे थांबत नाही. म्हणून उपाय नाकाला करायचा, ताटाला नाही. झोपण्यापूर्वी नाकपुड्यांच्या आत पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, दिवसातून दोन-तीनदा मिठाच्या निर्जंतुक पाण्याचे नाकात टाकायचे थेंब, नखे बारीक कापलेली, आणि खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत थेट चेहऱ्यावर येणार नाही अशी झोपायची जागा. रक्त आलेच तर डोके मागे टाकू नये, आडवे झोपवू नये, नाकात दूर्वांचा वा कांद्याचा रस घालू नये. तिला ताठ बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून घड्याळ लावून सलग १५ मिनिटे दाबावा, मध्ये सोडून पाहू नये. डोक्यावर गार पाणी थापण्याने नुकसान होत नाही, पण त्या नादात चिमूट सुटते, म्हणून तेही नको.

मग ‘आंबा खाल्ला आणि त्याच दिवशी रक्त आले’ असे तुम्ही लिहिता, त्याचे काय? आंबा ज्या महिन्यांत मिळतो तेच कोरड्या हवेचे महिने आहेत. शिवाय रक्त आले की आपण त्या दिवशीचे ताट आठवतो, आणि आंबा खाऊनही काही झाले नाही असे दिवस कोणी लक्षात ठेवत नाही. तुम्हाला खरोखर तपासायचे असेल तर एक साधी वही करा. तिच्यात तारीख, रक्त कोठून आले, किती वेळ चालले, त्या दिवशी सर्दी होती का, कोणते औषध घेतले होते का, पाळीचा कितवा दिवस, किती पॅड बदलावे लागले, आणि हवे तर काय खाल्ले, असे सारे रोज लिहा, रक्त न आलेल्या दिवशीही लिहा. तीन महिन्यांनी ती वही पाहाल तेव्हा पदार्थांपेक्षा सर्दी, कोरडी हवा आणि औषधे यांचाच ठसा तिच्यावर दिसेल, असा माझा अंदाज आहे. माझा अंदाज चुकीचा निघाला आणि एखादा पदार्थ वारंवार रक्तस्रावाच्या आदल्या दिवशी सापडला, तर तो एकच पदार्थ काही काळ थांबवून पाहायला हरकत नाही. आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. त्यांना तिचा उपयोग तुमच्याहून जास्त होईल.

या साऱ्या बंदीमुळे झाले काय, ते आता पाहू, कारण माझ्या मते खरी हानी येथेच झाली आहे. निरोगी माणसाच्या १०० मिलीलिटर रक्ताबरोबर सुमारे ४० ते ५० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. सर्वसाधारण पाळीत ३० ते ४० मिलीलिटर रक्त जाते आणि ८० च्या वर गेले की तो अतिस्राव मानतात. नऊ-दहा दिवस चालणाऱ्या पाळीत ते २०० मिलीलिटरपर्यंत गेले असे धरले, तर हिमोग्लोबिन चांगले असतानाच्या हिशेबाने एका महिन्यात ८० ते १०० मिलिग्रॅम लोह गेले. आवक किती? १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे, आणि आपल्या धान्यप्रधान जेवणातील लोहापैकी जेमतेम बारावा हिस्सा अंगी लागतो असे धरले जाते. म्हणजे पूर्ण, चौरस जेवण घेतले तरी दिवसाला अडीच आणि महिन्याला सुमारे ७५ मिलिग्रॅम. त्यातून रोजची नैसर्गिक घट भागायची आणि वाढत्या वयाची गरजही. लोहाची कमतरता असताना शरीर थोडे अधिक लोह शोषून घेते हे खरे, तरी हा जमाखर्च जुळत नाही. आणि हे सारे चौरस जेवणाचे गणित आहे. तुमच्या मुलीच्या ताटातून मटण, बाजरी, शेंगदाणे, तीळ गेले, म्हणजे लोह आणि प्रथिने देणारे बरेचसे पदार्थ गेले. आंबट गेले, म्हणजे उरलेले लोह शोषले जायला मदत करणारे क जीवनसत्त्व गेले. आणि महिन्यातून एक दिवस साबुदाण्यावर जातो, ज्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. हिमोग्लोबिन ७.८ येण्याला तिचा आजार जबाबदार आहे, पण तो एकटा नाही. हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मुलीला बरे वाटावे म्हणून तुम्ही जे केले ते मायेने केले, आणि कोणीही तुम्हाला हा हिशेब मांडून दाखवला नव्हता.

या हिशेबातून दुसरीही गोष्ट निघते, जी ‘कोणता पदार्थ सुरू करू’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे: नुसत्या आहाराने ही तूट भरणार नाही. लोहाचे औषध लागेल. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी ही रक्तक्षय होऊ नये म्हणून दिलेली मात्रा आहे. झालेला तीव्र रक्तक्षय भरून काढण्यासाठी ती पुरेशी नाही. डॉक्टर रोज किंवा दिवसाआड गोळ्या देतील, आणि रक्त जाण्याचा वेग गोळ्यांना भारी पडत असेल तर शिरेतून लोह देतील. ते शिरेतूनच द्यायचे असते. या आजारात दंडात किंवा कमरेत स्नायूत दिलेले कोणतेही इंजेक्शन स्नायूच्या आत रक्त साचवू शकते, हे गावातल्या दवाखान्यात प्रत्येक वेळी आपणहून सांगा. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याने घाबरू नका. पण शौच डांबरासारखे चिकट, चकाकणारे आणि विशिष्ट दुर्गंधीचे असेल, तर ते आतड्यातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता उरलेले अर्धे उत्तर, म्हणजे ताट. मटण, कोंबडी, कलेजी आणि मासे यांतील लोह वनस्पतींतील लोहापेक्षा कितीतरी सहज शोषले जाते, म्हणून घरात चालत असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा यांपैकी काही सुरू करा. अंड्यातले लोह फारसे अंगी लागत नाही, पण अंडे उत्तम प्रथिन आहे, ते रोज एक द्यायला हरकत नाही. शाकाहारी दिवशी बाजरीची भाकरी, मोड आणलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ, मेथी, शेपू वा राजगिऱ्याची भाजी, कुळथाचे पिठले, शेंगदाण्याची किंवा तिळाची चटणी, हळिवाचे लाडू हे सगळे तुमच्याच स्वयंपाकघरातले आहे. त्यावर अर्धे लिंबू पिळले, किंवा जेवणासोबत आवळा वा पेरू दिला, की त्यातले लोह जास्त शोषले जाते. भाजी लोखंडी कढईत केली तर तिच्यात थोडे लोह उतरते. जेवताना किंवा जेवल्याबरोबर चहा नको, एक-दीड तास जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी आणि दूध हे लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी देऊ नका.

गुळाबद्दल आणि लाल रंगाच्या पदार्थांबद्दल मात्र मी तुमची निराशा करणार आहे. गूळ बंद करण्याचे कारण नाही, पण गुळाच्या खड्याने रक्त भरते हेही खरे नाही. त्यात लोह असते, ते जसा गूळ तसे कमीजास्त असते आणि आपण खातो त्या प्रमाणात ते थोडेच पडते. बीट, डाळिंब यांचा रंग रक्तासारखा आहे, लोह मात्र अगदीच बेताचे आहे. खाऊ द्यात, पण ‘रोज बीटाचा रस देते’ म्हणून गोळ्या लांबणीवर टाकू नका.

लसूण, आले, हळद हे रक्त पातळ करतात, असे तुम्हाला मोबाइलवर आलेल्या एका संदेशात वाचायला मिळाले. याला थोडा आधार आहे, पण तो दुसऱ्याच जागी लागू पडतो. लसणातील काही द्रव्ये प्रयोगशाळेत प्लेटलेटचे एकत्र येणे कमी करतात हे दिसले आहे, आणि त्यांपैकी अजोईन नावाचे द्रव्य ज्या ग्राहीच्या कामात आडवे येते, तोच ग्राही तुमच्या मुलीकडे मुळात काम करत नाही. फोडणीतल्या चार पाकळ्यांनी तिचे काही बिघडणार नाही, जेवण रुचकर होईल आणि दोन घास जास्त जातील. हळदीचे दूधही चालेल. टाळायचे ते अर्क काढून गोळी वा कॅप्सूलमध्ये भरलेले प्रकार: लसणाच्या कॅप्सूल, करक्युमिन या हळदीतील द्रव्याच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, गिंको या झाडाच्या पानांचा अर्क, जास्त मात्रेतील ‘ई’ जीवनसत्त्व, आणि ज्यांच्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत अशी चूर्णे. बांगडा किंवा सुरमई ताटात वाढणे आणि माशाच्या तेलाची कॅप्सूल रोज गिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. काही पदार्थांनी घोळणा वाढतो असे सांगणारा ब्रिटनमधील संशोधकांचा २०१३ चा एक अभ्यास मलाही माहीत आहे. तो आनुवंशिक रक्तस्रावी टेलॅन्जिएक्टेशिया या अगदी वेगळ्या आजाराच्या रुग्णांच्या प्रश्नावलीवर आधारलेला होता, त्या आजारात रक्तवाहिन्याच ठिसूळ असतात, आणि तेथेही दारू, मसाले, चॉकलेट अशांनी त्रास होतो असे काही रुग्णांचे स्वतःचे सांगणे होते. त्यावरून तुमच्या घरचा लसूण बंद करता येणार नाही.

रक्तस्राव खरोखर वाढवणारी वस्तू स्वयंपाकघरात नसते, औषधाच्या डब्यात असते. पाळीत पोट दुखते म्हणून मुलींना मेफेनॅमिक ॲसिडची गोळी सर्रास दिली जाते. ती, तसेच आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि ॲस्पिरिन प्लेटलेटचे उरलेसुरले कामही मंदावतात. तुमच्या मुलीला यांपैकी एकही गोळी कधीही देऊ नये, डोकेदुखीवर दुकानातून मिळणाऱ्या मिश्र गोळ्याही नकोत. दुखण्याला आणि तापाला वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल चालते. तुमच्या पत्रात काय खायला घालता ते सविस्तर आहे, पण पाळीच्या दुखण्याला काय देता त्याचा उल्लेख नाही. कृपया आज तो डबा उघडून पाहा.

हिरड्यांचेही असेच आहे. रक्त येते म्हणून दात घासणे कमी केले की कीटण साचते, हिरड्या सुजतात आणि रक्त आणखी येते. मऊ ब्रशने दोन वेळा घासलेच पाहिजे, आणि सहा महिन्यांनी दंतवैद्यांना दाखवलेच पाहिजे. दात काढायचा असेल तर रक्तविकारतज्ज्ञांना कळवल्याशिवाय काढू नये. आंबट पूर्ण बंद करण्याने क जीवनसत्त्वाची कमतरता झाली तर तिनेही हिरड्यांतून रक्त येते, म्हणजे उपायच आजाराच्या मदतीला जातो. तोंड आलेले असेल किंवा नुकताच दात पडला असेल, तेवढे दिवस ऊस, चकली, कडक भाकरीचे कोपरे, काट्याचे मासे आणि कढत पदार्थ बाजूला ठेवून मऊ भात, पेज, खिचडी, केळे असे द्यावे. पोट साफ राहील इतकी भाजी, ताक, पाणी रोज हवे, विशेषतः लोहाच्या गोळ्यांनी मलावरोध झाला असेल तर, कारण कुंथण्याने गुदद्वाराला चीर पडली की तेही रक्त लवकर थांबत नाही.

उपवासाविषयी तुम्ही अडचणीत आहात हे मला समजते, कारण सासूबाईंनी तो नातीसाठीच धरायला लावला आहे. त्यांच्याशी वाद घालून उपवास मोडण्यापेक्षा त्यांनाच विनंती करा की मुलीच्या नावाने तो तुम्ही किंवा त्या धरतील. आजारी आणि वाढत्या वयाच्या मुलांना उपवासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ‘उष्ण’ पदार्थांच्या बाबतीतही ‘तुम्ही सांगितलेले चुकले’ असे म्हणू नका. ‘डॉक्टरांनी रक्त भरेपर्यंत हे खायला लिहून दिले आहे’ असे म्हणा, आणि डॉक्टरांकडून ते खरोखरच कागदावर लिहून घ्या. घोळणा फुटल्यावर १५ मिनिटे चिमूट धरण्याचे काम सासूबाईंना शिकवा. तुम्ही कामावर असताना घरात त्याच असतात, आणि मुलीसाठी काही करावे ही त्यांची इच्छा त्यात खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.

पाळीचा प्रश्न आहाराने सुटणारा नाही, त्याला औषध आहे आणि ते मागायला संकोचू नका. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करतात. त्या पुरेशा ठरल्या नाहीत, तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ मिळून संप्रेरकांच्या गोळ्या सुचवतील. कोवळ्या मुलीला त्या दिल्या तर पुढे मूल होणार नाही, या भीतीने अनेक घरांतून त्यांना नकार मिळतो. या गोळ्या बंद केल्यावर पाळीचे चक्र पूर्ववत सुरू होते आणि त्यांनी वंध्यत्व येत नाही. प्लेटलेट चढवण्याची वेळ प्रसंगी येते, पण या आजारात चढवलेल्या प्लेटलेटविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करू शकते आणि मग पुढच्या खेपेला त्या चालेनाशा होतात, म्हणून तो उपाय गरज असेल तेव्हाच वापरला जातो, हे तुम्हाला माहीत असावे.

या आठवड्यातील भेटीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनची तपासणी करायला सांगा. शरीरात लोहाचा साठा किती उरला आहे ते त्यावरून कळते. गोळ्या की शिरेतून लोह, पाळीसाठी कोणते औषध कोणत्या दिवसापासून, आणि रात्री-अपरात्री रक्त थांबले नाही तर नेमके कोठे जायचे, हे विचारून उत्तरे वहीतच लिहून घ्या. जुने निदानाचे कागद हरवले असतील किंवा निदानाची खात्री करून घ्यायची असेल, तर मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेत या आजाराच्या तपासण्या होतात. अर्ध्या तासाच्या दाबानंतरही नाकातून रक्त वाहत असेल, तासाला एकाहून अधिक पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल, छाती धडधडत असेल, उलटीत रक्त असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर सकाळची वाट पाहू नका. आजाराचे नाव, रक्तगट आणि टाळायच्या औषधांची नावे लिहिलेला एक कागद तिच्या दप्तरात ठेवा, आणि त्याची एक प्रत वर्गशिक्षिकेकडे द्या.